कोरड्या तलावातल्या दुपारी

४ फेब्रुवारी
आज पुन्हा पालिकेच्या पोहण्याच्या तलावात उतरून बसले. पाणी नाहीच, तेव्हा शिडीने उतरायचं आणि चालत खोल बाजूला जायचं. निळ्या फरशीवर पाठ टेकली की वरचं आभाळ डुलल्यासारखं वाटतं. वीस वर्षं इथे पोहायला शिकवलं, पण तळ असा निवांत कधी पाहिला नव्हता.

दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला, त्याला दोन वर्षं झाली. मला पालिकेच्या खिडकीवर बसवलंय — जन्माचे दाखले द्यायला.

९ फेब्रुवारी
खिडकीवरच बातमी कळली. गोदामं बांधणारी एक बडी कंपनी येतेय. तिला नदीकाठची जमीन फुकट, रस्ता पालिका बांधून देणार, वर दहा वर्षं करमाफी. तलावासाठी मात्र निधी नाही!

संध्याकाळी दादाकडे गेले. माझा सख्खा मोठा भाऊ, आणि आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. ठराव त्यानेच मांडलाय. म्हणाला, कंपनी आली की नोकऱ्या येतील, ही गुंतवणूक आहे. तलाव म्हणजे नुसता खर्च. वहिनी चहा गाळत होती.

१० फेब्रुवारी
कंपनीला दिलं की गुंतवणूक. आपल्याला दिलं की खर्च. दिवसभर हेच डोक्यात.

१७ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत तलावात डोळा लागला. स्वप्नात पाणी भरत होतं, अगदी सावकाश — घोट्याशी, मग कानांशी. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, साठीच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या, पाठीवर तरंगत होत्या. कुणाचं काही दुखत नव्हतं. पाणी कुणी सोडलं, तेवढं काही कळेना.

जागी झाले तेव्हा गालावर फरशीच्या रेघा उमटलेल्या. तशीच खिडकीवर जाऊन बसले आणि हरकतीचा अर्ज लिहिला. जमीन हवी तर कंपनीने विकत घ्यावी. रस्त्याचा पैसा तलावाला, वाचनालयाला आणि इथल्याच छोट्या कारागिरांच्या शेडना द्यावा. ही माणसं उद्या उठून दुसऱ्या गावाला जाणार नाहीत.

१ मार्च
तरंगणाऱ्या त्याच बायका — स्वप्नातल्या नाही, खऱ्या — दारोदार फिरून माझ्या अर्जावर सह्या आणतायत.

दादाचा फोन आला. सख्ख्या बहिणीने माझं हसं करावं? मी म्हटलं, तुझ्या नाही, ठरावाच्या विरोधात आहे. त्याने फोन ठेवून दिला. बराच वेळ रिसीव्हर कानाशीच धरून बसले.

१२ मार्च
सकाळी सुनावणी, लगेच मतदान. मी बोलले. काय बोलले ते आठवतही नाही. मग मागच्या रांगेतून वहिनी उठली.

तिने सांगितलं, लग्नाआधी ती शिलाईच्या कारखान्यात होती. त्यालाही अशीच जमीन मिळाली होती, अशीच माफी. "दहा वर्षांची माफी होती. अकराव्या वर्षी पहिल्याच सोमवारी आम्ही गेलो, तर गेटला कुलूप. माझी कात्री आतच राहिली." मग कुणाकडेच न बघता — "तेव्हाही गुंतवणूकच म्हणाले होते."

आणि खाली बसली.

औषधांचं दुकान चालवणारे एक नगरसेवक कायम दादाच्या बाजूचे. आज त्यांनी हात वर केला नाही. ठराव एका मताने पडला. दादाचा हात मात्र शेवटपर्यंत वर होता. त्याच्याकडे बघवेना.

२० मार्च
दादा बोलत नाही. वहिनी म्हणते, घरातही मुकाच असतो.

६ जून
तलावाला पैसे मंजूर! गवंडी फुटक्या फरश्या उचकटतायत. धुळीत ऊन तिरपं पडलेलं, आणि माणसं त्यात कमरेपर्यंत बुडाल्यासारखी दिसत होती. दाखले द्यायचे सोडून मी बघतच राहिले.

२ सप्टेंबर
तलाव उघडून आणि मी पुन्हा शिकवायला लागून आठवडा झाला. आज सकाळी सहाला कुलूप काढायला गेले, तर पायरीवर दादा. काखेत टॉवेल. सहा महिन्यांनी पहिलं वाक्य — "मला पोहता येत नाही. शिकवशील?"

लहानपणी मी पाण्यात असले की हा काठावर माझे कपडे धरून बसायचा. मला वाटायचं, राखण करतोय.

उथळ बाजूला नेलं. पाठीखाली हात धरला. त्याने डोळे मिटून घेतले.