पुढच्या चाकाचं बेअरिंग

प्रिय चिमे,

दोन गल्ल्या सोडून राहणारा भाऊ पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. तुझ्याशी बोलायला दोनदा निघालो. दोन्ही वेळा जिन्यापर्यंत आलो आणि मागे फिरलो. समोर बसून हे माझ्या तोंडून निघणार नाही.

मास्तर गेल्यापासून गॅरेज बंदच होतं. सोमवारी उघडलं, कारण पोलिसांनी त्यांची मोटरसायकल सोडली आणि ती माझ्याकडेच आणून ठेवली. तुझा नवरा माझ्याकडे नुसती गाडी टाकून कधी गेला नाही, तुला ठाऊकच आहे. स्टूल ओढायचे आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायचे. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, त्यांना 'बदललं' एवढ्यावर समाधान नव्हतं.

मे महिन्यात पुढचं चाक खरखरत होतं म्हणून आले. चाक उतरवलं, तर जुन्या बेअरिंगवरचा नंबर गंजून पुसलेला. मास्तर खूश! "आता ओळखायचं कसं?" मी माप घ्यायचा व्हर्नियर त्यांच्याच हातात दिला. "भोक पंधरा, बाहेरचा व्यास बेचाळीस, जाडी तेरा," हजेरी घ्यावी तसं त्यांनी वाचून दाखवलं. भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवत नंबरही त्यांनीच शोधला, सहा-तीन-शून्य-दोन. त्या दिवशी जेवताना तुला तासभर बेअरिंग शिकवलं म्हणे. तूच हसत सांगितलं होतंस.

पण चिमे, नंबर सापडला म्हणजे काम संपत नाही. चाकातल्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबरी सील लागतं, नाहीतर आत पाणी जातं. माझ्या खणात त्याच मापाची जोडी पडून होती, पण पत्र्याच्या झाकणाची. कोरड्या जागेतल्या मशीनला ती चालते, रस्त्यावरच्या चाकाला नाही. बेअरिंगवाल्याचं दुकान दोन दिवस बंद होतं आणि मास्तरांना सकाळी परीक्षेच्या कामावर निघायचं होतं. त्यांनी विचारलंसुद्धा, "दादा, हे चालेल ना?" मी म्हणालो, "महिनाभर डोळे झाकून चालवा. मग बरोबरची बसवू."

महिना गेला, दुसरा गेला. पावसापाण्यातून गाडी रोज शाळेत जात होती. मास्तर दोनदा येऊन म्हणाले, "पुढून घरघर येतेय." पहिल्यांदा मी कामाच्या गडबडीत होतो, नंतर बघू म्हणालो. दुसऱ्यांदा चाक उचलूनही बघितलं नाही. "टायर नवा आहे, त्याचा आवाज असेल," असं म्हणून चहा मागवला. बाकी जगाला पुरावा मागणारा माणूस, माझ्या शब्दावर चहा पिऊन गेला. त्यानंतर आठवडाभरात अपघात झाला.

सोमवारी मी ते चाक खोललं. आत गंजाचा लगदा होता. गोळ्या फुटल्या होत्या आणि आतली कडी दांड्यावर घट्ट बसली होती. चालत्या गाडीचं चाक जागच्या जागी जाम झालं होतं. पंचनाम्यात 'घाईत तोल गेला' असं लिहिलंय. ते खरं नाही.

हे मी पोटातच ठेवलं असतं, खोटं कशाला बोलू? चार दिवस ठेवलंच. पण काल तुझी वहिनी तुझ्याकडून रडत आली. म्हणाली, "पोरीनं एकच धरलंय, मी लवकर या म्हणून फोन केला नसता, तर ते घाईनं निघाले नसते." चिमे, तुझ्या फोननं काही झालेलं नाही. नवऱ्याला घरी लवकर बोलावणं हा गुन्हा नसतो. जे झालं ते माझ्या हातून झालं. ती बेअरिंगं घेऊन आज सकाळी पोलीस ठाण्यात गेलो आणि सगळा जबाब लिहून दिला. माझं जे व्हायचं ते होईल. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. शिव्या दे, दार लावून घे, राखी पुन्हा बांधू नकोस. पण स्वतःला एक शब्दही बोलू नकोस.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
दादा