डॉलरची खूण

सोमवार, ३ मार्च
सर्व्हर तुडुंब. अर्धवट नकाशांच्या फाइली पुसणारा प्रोग्रॅम मॅडमना हवाय. ऑफिसच त्यांचं, नकार कसा देणार? कोणत्या फाइली पुसायच्या ते त्या साध्या खुणेत लिहिणार: तारा, डॉट, टेम्प. म्हणजे नाव काहीही असो, शेवटी टेम्प. माझ्या कोडला हे रेजेक्समध्ये, म्हणजे नावं जुळवायच्या कोडच्या भाषेत, बदलून लागतं. मॅडम म्हणाल्या, त्याचं तयार फंक्शन मिळतं ना? म्हटलं, आयतं वापरायला मी काय नवशिका आहे?

मंगळवार, ४ मार्च
ताऱ्याच्या जागी डॉट-तारा. प्रश्नचिन्हाच्या जागी डॉट. खऱ्या डॉटच्या आधी तिरकी रेघ. झालं! नाव इथंच संपलं हे सांगायला शेवटी डॉलरची खूण लावतात म्हणे. डोळ्यांना दिसतंय ते कशाला सांगायचं? तीन फाइलींवर टेस्ट केली. तिन्ही गेल्या. रोजची बॅकअप कॉपीही बंद केली, उगाच जागा खाते. जुन्याही पुसल्या.

बुधवार, ५ मार्च, सकाळी ११.१०
चालवला. चार सेकंदांत सर्व्हर निम्मा रिकामा! बायकोला फोन केला. ती म्हणाली, अहो, इतका रिकामा व्हायला हवा होता का? हिला माझं कौतुक म्हणून करवत नाही.

११.४०
नकाशांचं फोल्डर उघडून पाहिलं. आमचे ड्राफ्ट्समन काका नकाशा आधी टेम्प म्हणून ठेवतात आणि मॅडमनी मंजूर केला की त्याच नावापुढे फायनल जोडतात. माझ्या प्रोग्रॅमला मधला टेम्प दिसला, तेवढा पुरला. पुढचं फायनल बघतोय कोण? अकरा वर्षांचे मंजूर नकाशे गेले.

१२.१५
सांगून टाकतो. जेवण झाल्यावर. उपाशीपोटी माणूस भलतंच बोलतो.

गुरुवार, ६ मार्च
नाही सांगितलं. नकाशे गेल्याचं कळल्यापासून मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, अशा वेळी कोण जाणार? डॉलर मात्र लावून टाकला. आता प्रोग्रॅम अगदी बरोबर चालतो.
दुपारी काकाच पुढे झाले. म्हणाले, काल सकाळी मी त्याच फोल्डरमध्ये होतो, डोळ्यांना नीट दिसत नाही हल्ली, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं आणि पाणी प्यायलो.

शुक्रवार, ७ मार्च
मॅडमनी चौकशी माझ्याकडेच सोपवली! म्हणाल्या, कॉम्प्युटरमधलं तुम्हालाच कळतं. घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो. बायको विचारते, ताप आहे का? म्हटलं, हो. निदान कुणीतरी कपाळाला हात लावला.

सोमवार, १० मार्च, सकाळी ९.३०
अहवाल तयार. ‘नेमकं कारण सांगता येत नाही.’ यात काय खोटं आहे? तीनदा मॅडमच्या दारापर्यंत गेलो, तिथूनच परत आलो. पण आज सांगणारच. काकांच्या निवृत्तीला चारच महिने राहिलेत, त्यांना असा डाग लागू देणार नाही. माणूस आहे मी.

१०.२०
काका माझ्याच टेबलाशी आले. हातात कागद, पेन्सिलीनं लिहिलेला राजीनामा. म्हणाले, एवढा टाइप करून दे रे, माझा आता माझ्या हातांवर भरवसा नाही.
टाइप करून दिला. दोन प्रती काढल्या. काकांनी पाठीवर हात ठेवला आणि सही करायला माझंच पेन मागितलं. दिलं.