निम्मी फुलं

नाशिक, ८ डिसेंबर १९८२

ह्यांच्या पश्चात आज पहिल्यांदा घरची बिअर चाखली, मी केलेली. डिक्शनरी घेऊन ह्यांचं इंग्रजी पुस्तक वाचलं, त्यात लिहिली तेवढीच, बिअरला कडूपणा देणारी हॉप्सची वाळकी फुलं उकळली. तरी ह्यांच्या बिअरपेक्षा कडू. कुठे चुकलं?

संध्याकाळी धाकटे भाऊजी आले. घोट घेऊन हसले. "वहिनी, पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. दादा फुलं निम्मीच घालायचा."

"का?"

"त्याच्या पेल्यातला घोट तुम्ही घ्यायचात ना, तुम्हाला कडू लागू नये म्हणून. स्वतः कडूचा भोक्ता, आणि तुमची गुळातली कारली मुकाट खायचा."

मला वाटायचं, ह्यांनाच कडू सोसत नाही. म्हणून तर गूळ. मला स्वतःला कडू कारलंच आवडतं.

भाऊजी गेल्यावर उरलेला पेला मी संपवला. छान कडू. तरी पुढच्या खेपेला फुलं निम्मीच घालीन.