पंख्याऐवजी प्रकल्पाचे गुण मिळण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
गोदातीर दूरशिक्षण विद्यापीठ,
मुख्य कार्यालय.

विषय: लोकप्रशासन पदव्युत्तर पदवी, अंतिम वर्ष. भांडार विभागाने निकाली काढलेला माझा प्रकल्प तपासून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) भांडार विभागाचे पंखा मंजुरीचे पत्र, दि. २ मे १९९६.
२) माझे गुणपत्रक, दि. १ जुलै १९९६.

महोदय,

हा अर्ज आपण शेवटपर्यंत वाचावा, ही माझी पहिली विनंती आहे. कारण सर्व अडचण पहिलेच पान वाचून थांबल्यामुळे झाली आहे.

१. माझे यजमान सैन्यात असून आम्ही लखनऊ छावणीत राहतो. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. असून आपल्या विद्यापीठातून टपालाने लोकप्रशासनाचा अभ्यास करते. सहाही लेखी विषयांत मी उत्तीर्ण आहे. राहिला तो प्रकल्प. 'एका अर्जाचा प्रवास' हे त्याचे शीर्षक. लखनऊजवळच्या चिनहट येथील एका सरकारी गोदामातले लिपिक श्री. जयसिंग यांनी छताच्या पंख्यासाठी केलेला अर्ज चौदा महिन्यांत अकरा टेबलांवरून कसा फिरला, याच्या तारीखवार नोंदी मी त्यात केल्या आहेत. अर्ज योग्य असणे आणि तो मंजूर होणे यांत काही संबंध आढळला नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

२. प्रयोगशाळेत आधी नमुना दाखवायचा आणि मग निरीक्षणे लिहायची, अशी मला सवय आहे. त्यामुळे जानेवारीत प्रकल्प पाठवताना श्री. जयसिंग यांच्या अर्जाचे मराठी भाषांतर मी सर्वांत वर जोडले. ही चूक माझी. आपल्या आवक विभागाने त्याच पानावर शिक्का मारून प्रकल्प 'पंख्याची मागणी' म्हणून नोंदवला. उरलेली १४१ पाने 'सहपत्रे' ठरली. लखनऊला विद्यापीठाचे एखादे अभ्यासकेंद्र असावे, असे समजून भांडार विभागाने पंखा मंजूर केला. पाकिटावर पत्ता माझा असल्याने तो २१ मे रोजी येथील चारबाग रेल्वे स्थानकावर माझ्या नावाने आला. नंतर आलेल्या गुणपत्रकात मात्र 'प्रकल्प सादर केलेला नाही' असा शेरा आहे.

३. जुलै महिन्यात मी आपल्या कार्यालयाला नऊ वेळा दूरध्वनी केला. आमच्या बाजारातले एसटीडी बूथवाले श्री. गजेंद्र आता मला पाहताच विचारतात, "भाभीजी, आज डिग्री के लिए या पंखे के लिए?" आवक विभागातले श्री. हणमंत यांनी दर वेळी माझे सगळे ऐकून घेतले, हे कृतज्ञतेने नमूद करते. ते म्हणाले, "अहो बाई, लोक पंख्यासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवतात. तुमचा घरपोच आला, तरी तुमची तक्रारच?" निकाली निघालेले प्रकरण अभिलेख कक्षात जाते आणि दिलेली वस्तू परत आल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही, असे त्यांनी सांगितले. भांडार विभाग तर फक्त नादुरुस्त पंखे परत घेतो. मी पंखा जोडून पाहिला. तो मिनिटाला तीनशे दहा फेरे घेतो. आवाजही नाही. "मग एक पातं वाकवा की!" असा श्री. हणमंत यांचा सल्ला होता. तो मला पटला नाही. आपल्याच चौथ्या पाठ्यपुस्तकात, पृष्ठ ८८ वर, अशा कृत्यास गैरवर्तन म्हटले आहे.

४. पंखा ज्याने मागितला त्यालाच द्यावा, म्हणून ४ ऑगस्टला तो रिक्षात घालून मी चिनहटला गेले. श्री. जयसिंग यांनी खोके उघडूही दिले नाही. "मैडम, ऊपर पंखा दिख गया तो मेरी फाइल बंद! दो साल की मेहनत है, अब तो बड़े साहब की मेज़ तक पहुँची है।" असे म्हणून त्यांनी मला चहा दिला आणि माझा घाम पाहून मला वर्तमानपत्राने वारा घातला. पंखा सध्या आमच्या व्हरांड्यात आहे.

५. येथील एका संशोधन संस्थेत प्रशासन अधिकारी पदासाठी माझी निवड झाली आहे. गुणपत्रक दाखवण्याची शेवटची तारीख ३० सप्टेंबर आहे. ४ ऑक्टोबरला मला पस्तीस वर्षे पूर्ण होतील आणि वयोमर्यादा संपेल. यजमानांच्या बदल्यांमुळे अकरा वर्षांत मी तीन नोकऱ्या सोडल्या. ही चौथी सुरू होण्याआधीच सोडायची माझी इच्छा नाही.

६. म्हणून विनंती, की अभिलेख कक्षातून माझा प्रकल्प मागवावा, पहिले पान काढून टाकावे आणि दुसऱ्या पानापासून तो परीक्षकांना द्यावा. चौदा महिन्यांत जो अर्ज मंजूर झाला नाही, तो आपल्या कार्यालयाने चार महिन्यांत मंजूर केला. त्यामुळे माझा निष्कर्ष सर्वत्र लागू पडत नाही, हे मान्य करते. त्याबद्दल गुण कापल्यास माझी हरकत नाही. मात्र कापण्यासाठी ते आधी द्यावे लागतील.

या अर्जात कोणत्याही वस्तूची मागणी नाही. कृपया काही पाठवू नये. फक्त गुण पाठवावेत.

आपली विद्यार्थिनी,
(सौ. सुनीती निरंजन देवस्थळी)
लखनऊ छावणी
दि. १९ ऑगस्ट १९९६

सहपत्रे: नाहीत. कारण परिच्छेद २ मध्ये दिले आहे.