कापलेलं वाक्य

मुनिरका, नवी दिल्ली
२ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय रेवती,

कशी आहेस? मावशींची तब्येत बरी ना? पुण्यात थंडी पडते का, की तिथे स्वेटर फक्त फोटोपुरता? इकडे आम्ही सगळे मजेत. हे वाक्य खोटं आहे, पण आधी खुशाली आणि मग मजकूर, असं तुझ्या बाबांनी बजावलंय.

हो, हाताने लिहितोय. हसू नकोस. जिथे जिथे ब्लॉक करता येतं तिथे तिथे तू मला ब्लॉक केलंयस. सरकारने तुझ्या आईचं अकाउंट बंद केलं तेव्हा निदान कुठल्या कलमाखाली ते तरी कळवलं होतं. तू तेवढंही नाही. म्हणून स्पीड पोस्ट. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही.

घाबरू नकोस, हे तसलं पत्र नाही. तसली मी लिहितो आणि फाडतो. माझा रूममेट म्हणतो, भाई, तेरे प्यार में आधा जंगल कट गया.

आधी बातम्या. काकूंच्या अकाउंटच्या केसला पुढची तारीख मिळाली. पोटनिवडणुकीचं मतदान चौदाला आणि तारीख एकोणीसची. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली, सगळा चहा सांडला. काकू शांतपणे फडकं घेऊन आल्या. "टेबल भाड्याचं आहे, विश्वजित," म्हणाल्या. बस, एवढंच. ज्या बाईने ऐन प्रचारात आपलं तोंड बांधलेलं पाहिलं, तिला टेबलाची काळजी.

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत असेल. सलग सांगतो.

सरोजिनी नगरचं क्वार्टर रिकामं करताना तू दारात उभं राहून काकूंना म्हणालीस, "तुला जगाची मुलं दिसली, घरातलं दिसलं नाही." मी तेव्हा खाली टेम्पोत गाद्या चढवत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं. मला तुझं पटलं होतं. खरंच. नदीकाठच्या त्या कॉलनीत नळाला तपकिरी पाणी येत होतं, मुलं आजारी पडत होती, त्यांच्या आयांनी व्हिडिओ टाकले आणि ते अफवा म्हणून हटवले गेले. ठीक. पण हटवायचा हुकूम ज्यांच्या टेबलावरून गेला त्या शंभर लोकांपैकी कोर्टात उभं राहून "व्हिडिओ खरे होते, तपासणीचा अहवाल आमच्याकडे आला होता" असं सांगायला तुझीच आई का? नोकरीचा राजीनामा, घर गेलं, वर आता अपक्ष म्हणून पोटनिवडणूक. मला वाटायचं, एवढं कोण करतं यार?

आणि तरी कॉलेजमध्ये त्या मुलाने त्यांना देशद्रोही म्हटलं तेव्हा मी त्याचा ओठ फोडला. तू म्हणालीस, "माझ्या आईसाठी मारामारी कर असं तुला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. निलंबन संपलं तरी मी परत गेलो नाही, तेही कुणी सांगितलं नव्हतं. बाबा कॅन्टोन्मेंटमध्ये सांगतात, सुभेदार संपतरावांचा मुलगा सध्या "समाजकार्यात" आहे. चेहरा मात्र मी फरार असल्यासारखा करतात.

तर प्रचार. अकाउंट नाही तर नाही, असं म्हणून काकू नव्या घराखालीच, मयूर विहारच्या मेट्रो गेटाबाहेर फोल्डिंगची खुर्ची टाकून बसायला लागल्या. समोर दोन रिकाम्या खुर्च्या. मागे बोर्ड: "बोलिए, मैं सुन रही हूँ." बाकी उमेदवार बोलतात आणि लोक ऐकतात, इथे उलटं. ऑफिसमधून सुटलेली माणसं आधी लांबून बघायची. एक जण म्हणाला, "मैडम, आप कुछ बोलेंगी नहीं?" काकू म्हणाल्या, "पहले आप." तो बसला तो अर्धा तास उठला नाही. गटारापासून सासूपर्यंत सगळं सांगून गेला.

तुझे बाबा, आमचे विनायककाका, अजून सरकारी नोकरीत, त्यामुळे नियमाप्रमाणे प्रचारात नाहीत. इतके नाहीत, की खुर्च्या खाली न्यायलासुद्धा हात लावत नाहीत. "मी फक्त चहा करणार," म्हणतात, "चहा पक्षनिरपेक्ष आहे." थर्मासही दारापर्यंतच आणून देतात. उंबऱ्यापलीकडे आचारसंहिता.

आणि संक्रांतीचं ऐक. अलकाताईंकडे सोसायटीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. काकू गेल्या, हळदीकुंकू घेतलं, वाण मात्र परत केलं आणि स्वतः काहीच लुटलं नाही. तिळगुळाचा दाणासुद्धा नाही. अलकाताई म्हणाल्या, "अहो चंद्रप्रभाताई, तिळगूळ देण्यात कसली आलीय लाच?" काकू म्हणाल्या, "मतदाराला उमेदवाराने काही देऊ नये असं लिहिलंय. किती लहान ते लिहिलेलं नाही." सगळ्या हसल्या. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे यंदा तुम्ही आमच्याशी गोड बोलणार नाही का?" तर काकू म्हणाल्या, "बोलेन. तेवढं फुकट चालतं." त्यांचा तिळगुळाचा डबा अजून तसाच भरलेला आहे, शेल्फवर. काका येताजाता त्याच्याकडे बघतात.

मी हे सगळं रेकॉर्ड करून रोज तुला पाठवायचो. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस, पण थोड्या वेळाने त्या दोन निळ्या खुणा यायच्या. रेवती, त्या खुणांवर मी अख्खी थंडी काढली. तू ऐकत असशील असं मात्र मला वाटलं नव्हतं. वाटायचं, उघडून बंद करत असशील.

आता ते. ज्याच्याभोवती मी इतकी पानं चकरा मारतोय.

सोसायटीच्या हॉलमध्ये काकू आणि समोरचे उमेदवार बत्राजी समोरासमोर आले होते, ती सभा तुला आठवत असेल. म्हणजे, ऐकलेली. मोबाइल बाहेर जमा करायला लावले होते. दोघांच्या संमतीने रेकॉर्डिंग करणारा मी एकटा. बत्राजी म्हणाले होते, "लोग कहते हैं पानी वाली पोस्ट मैंने हटवाई. अरे, मैंने हटवाई होती तो सबसे पहले अपनी बीवी की हटवाता, वो भी पानी को रोती है!" सगळा हॉल हसला होता. काकूसुद्धा.

परवा "नल खोलो" नावाच्या त्या निनावी अकाउंटवर बत्राजींचा आवाज आला. फक्त, "पानी वाली पोस्ट मैंने हटवाई."

पहिल्यांदा मी नाचलो, खोटं कशाला बोलू? सगळी दिल्ली ते ऐकत होती. संध्याकाळी मेट्रो गेटाबाहेर खुर्च्या दिसेनात इतकी माणसं. घोषणा, हार, दोन चॅनेलवाले. आमची पोरं म्हणाली, "जीत गए!" आणि मग नाचता नाचताच मी थांबलो, कारण ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमधून फक्त एका ठिकाणी गेलं होतं.

कुठे, ते तुला माहीत आहे.

मी वर धावलो. काकू मफलर गुंडाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पूर्ण रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे?" मी म्हणालो, "आहे." मग खाली मान घालून म्हणालो, "मीच कापलं, काकू. चुकलो."

त्या रागावल्या नाहीत. "स्पीकर चार्ज आहे का बघ," म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

मला वाटलं, काकू त्या अकाउंटपासून हात झटकतील. वकीलही फोनवर तेच सांगत होते: म्हणा आमचा संबंध नाही, विषय संपला. ते खोटंही नव्हतं, त्यांचा संबंध नव्हताच.

काकू खुर्चीवर चढल्या. तुला त्यांची उंची माहीत आहे, चढल्यावर कुठे त्या बाकीच्यांएवढ्या झाल्या. लोक ओरडत होते, "चंद्रप्रभा मैडम ज़िंदाबाद!" त्यांनी हात वर केला नाही, नुसत्या थांबल्या. मग स्पीकरवर ते रेकॉर्डिंग लावलं. पूर्ण. बायकोसकट. एक दोघं हसले, बाकीच्यांना हळूहळू कळत गेलं आणि ती गर्दी अशी शांत झाली की मेट्रोच्या दारांचा आवाज खालपर्यंत आला.

काकू म्हणाल्या, "बत्राजी ने यह बात नहीं कही थी. उनकी बात काटी गई है. काटने वाला मेरी तरफ़ का है. नाम नहीं बताऊँगी, ज़िम्मेदारी मेरी है. बत्राजी से मैं माफ़ी माँगती हूँ."

मागून कुणीतरी ओरडलं, "मैडम, चुनाव लड़ रही हो या हारने आई हो?"

त्या म्हणाल्या, "सच हटाया गया था, तब मैं बोली थी. आज झूठ चढ़ाया गया है, तो चुप कैसे रहूँ?"

रेवती, लहानपणी बाबांची पोस्टिंग रानीखेतला होती. धुक्यामुळे कित्येक दिवस काहीच दिसलं नव्हतं. मग एका सकाळी आईने खिडकी उघडली आणि समोर, एकदम, अख्खा हिमालय. मी रडायला लागलो होतो. भीतीने नाही. एवढं मोठं काहीतरी इतके दिवस आपल्या खिडकीबाहेर उभं होतं आणि आपण आत बसून चित्रं रंगवत होतो, म्हणून. परवा खुर्चीवर ती मफलर गुंडाळलेली बाई बघताना माझं तसं झालं. मी तुझ्यासाठी त्या घरात जायला लागलो होतो, हे तुलाही माहीत होतं, त्यांनाही. परवापासून तसं राहिलेलं नाही. तू माझ्याकडे कधीच वळून पाहिलं नाहीस तरी मी तिथे खुर्च्या उचलायला जाईन.

माणसं निघून गेली. हार एका रेलिंगवर अडकवून गेली. चॅनेलवाले मात्र थांबले, त्यांना आता जास्त मजा आली होती. बत्राजींच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्या तसल्या. माझे हात शिवशिवले. काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं, शाळेतल्या पोराचं धरतात तसं.

वर आल्यावर त्या मटार सोलायला बसल्या. काका समोर. मी दारात.

"बस," म्हणाल्या. "आणि पुन्हा दुसऱ्याच्या कामावर आपली सही करू नकोस."

मी म्हणालो, "काकू, खरंच मी..."

"अरे, तू केलं असतंस तर माझ्याशी भांडला असतास. बत्रा तसलाच आहे, त्याला असंच पाहिजे, म्हणून घर डोक्यावर घेतलं असतंस. तू मान खाली घातलीस. तुला कुठे येते मान खाली घालायला?"

काका हसले. मग हसायचे थांबले, कारण पुढचा प्रश्न तिघांनाही दिसत होता.

काकूंनीच सांगितलं. "सातवीत असताना तिने माझ्या आवाजाचे तुकडे जोडून शाळेतल्या बाईंना फोन लावला होता. 'रेवतीला ताप आहे.' बाईंना जरासुद्धा संशय आला नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी विचारलं, ताप उतरला का."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. जिना उतरायच्या आधीच. कुणी कापलं, का कापलं, मी कुणाला वाचवतोय, सगळं. आणि तरी त्या खाली गेल्या आणि खुर्चीवर चढल्या. वकिलांनी दाखवलेल्या वाटेने गेल्या असत्या तर निवडणूक वाचत होती. पण मग काटने वाला मेरी तरफ़ का है, हे म्हणता आलं नसतं. ते त्यांना म्हणायचं होतं, रेवती. सगळ्या मयूर विहारसमोर.

काका हळूच म्हणाले, "रागावलीयस का तिच्यावर?"

काकूंनी एक शेंग फोडली. दाणे वाटीत टाकले. आणि म्हणाल्या, "कापायला आधी पूर्ण ऐकावं लागतं ना रे?"

आम्हाला आधी कळलं नाही.

"म्हणजे ती ऐकते," म्हणाल्या. "सगळं. रोज." आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. पुसून झाला तरी घातला नाही.

त्यानंतर तुझं "नल खोलो" गायब झालं, तुझा फोन बंद झाला आणि मी ब्लॉक झालो. मला वाटतं तू त्यांचं ते बोलणं कुठेतरी पाहिलंस, आणि तुला वाटलं की आई जगासमोर तुझ्यावर उलटली. दुसऱ्यांदा. म्हणून हे पत्र. खालचं तू पाहिलं असशील. वरचं, मटारांचं, कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. ते कापून पाठवता येत नाही, म्हणून अख्खं लिहिलं.

त्या तुला ये म्हणणार नाहीत. तू इथली मतदार आहेस आणि मतदाराला गळ घालायची नाही असा त्यांनी नवा नियम काढलाय. तो कुठल्या पुस्तकात नाही, मी विचारलं. बहुतेक त्या हरतील. आज खुर्च्यांवर तीनच माणसं बसली, त्यातला एक पत्ता विचारायला आला होता. काकूंनी त्याचंही पूर्ण ऐकून घेतलं.

मतदान चौदाला, रविवारी आहे. आदल्या दिवशी रथसप्तमी, म्हणजे तिळगुळाचा शेवटचा दिवस. डबा शेल्फवर आहे. काकूंना तो देता येत नाही, काका उंबऱ्यापलीकडे जात नाहीत. तू उमेदवार नाहीस. तुला कुणालाही देता येईल, त्यांनाही.

स्टेशनवर मी येणार नाही. यायची इच्छा इतकी आहे, की न येणंच बरं. तू घरीच जा.

या पत्रात काही खोटं असेल तर वरचं "मजेत" तेवढं. बाकी सगळं माझं आहे, कुणाला वाचवायला लिहिलेलं नाही. म्हणून खाली पूर्ण नाव घालतो, आणि तुझ्या आईने शिकवल्याप्रमाणे, स्वतःच्याच कामावर स्वतःची सही.

विश्वजित संपतराव घोरपडे