मागच्या दाराचं कुलूप

प्रिय धाकट्या,

हे पत्र सिस्टर तुझ्या हातात देतील. पुलाखाली येऊन तुम्हा मुलांना स्वच्छ सुया देतात, जखमा धुतात, त्याच. तू त्यांना हेडबाई म्हणतोस म्हणे. शाळेतल्या हेडबाईंना चुकवत फिरायचास, यांना स्वतःहून भेटतोस, ही प्रगतीच म्हणायची. घरी सगळं ठीक. माझं शिवणाचं दुकान बरं चाललंय. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्या जोडीने आईही.

बातमी अशी की वसाहतीत तुमच्यासाठी दवाखाना होतोय, लॉण्ड्रीशेजारच्या रिकाम्या खोलीत. सिस्टर आणि मी त्यासाठी दारोदार फिरलो. नशा करणाऱ्याला चौकीत नाही, डॉक्टरकडे न्यायचं असतं, एवढंच सांगायचं होतं. पण ते लोकांच्या गळी उतरवताना आमच्या घशाला कोरड पडली. कोणी दारातूनच वाटेला लावलं, कोणी चहा पाजून नाही म्हणालं. वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी विचारलं, मास्तर, तुमची शुगर वाढते तेव्हा तुम्हाला कोणी कोठडीत टाकतं का? तेव्हापासून ते माझ्याकडे कपडे शिवायला टाकत नाहीत.

काल बैठक झाली. होकार मिळाला, पण मास्तरांनी मेख मारलीच. येणाऱ्यांनी मागच्या बोळातून यायचं, पुढच्या रस्त्याने चांगल्या घरची माणसं जातात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. म्हटलं, पदरी पडलं पवित्र झालं.

तेवढ्यात आई उठली. आजवर कोणी विचारलं की ती सांगायची, धाकटा परगावी नोकरीला असतो. काल गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, माझा मुलगा परगावी नाही, इथेच पुलाखाली असतो. घरी मागच्या दाराने येतो, उभ्याउभ्या चार घास खातो आणि जातो. लोकांनी बघू नये म्हणून मीच त्याला तशी सवय लावली. पण मास्तर, आजारी माणसाने लपून का यायचं हो?

मला आईचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, पुढचं दार रुंद आहे, टेबल-खुर्च्या आत न्यायला तेच बरं पडेल. तर येत्या सोमवारपासून दवाखाना सुरू, पुढच्या दाराने.

आता घाईघाईने लिहायला का बसले ते सांगते. बैठकीहून आल्या आल्या आईने आपल्या मागच्या दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप ठोकलं. तू नेहमीसारखा बोळातून येशील, कुलूप बघशील आणि समजशील की आईनेही हात झटकले. तसं समजून आल्या पावली परत जाऊ नकोस रे. घराला वळसा घालून पुढे ये. दार सताड उघडं आहे, आणि आई दारातच खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तुझी वाट बघत बसली आहे.

तुझीच,
ताई