झालर कोणी शिवली

आई, काल दुपारी मी नातीच्या पलंगाला झालर शिवली. आम्ही आता कर्वेनगरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. हे घर तू पाहिलेलं नाहीस, नातीलाही नाहीस. तिच्या पलंगाखाली सगळ्यांनी आपापली अडगळ ढकलून ठेवली आहे. त्यात दोन सुटकेसा आहेत, थंडीच्या रजया आहेत, तिची लहानपणची खेळणी आहेत आणि माझ्या मुलानं चार दिवस वापरलेलं व्यायामाचं काहीतरी यंत्रही आहे. तिच्या मैत्रिणी राहायला येणार होत्या, म्हणून हे सगळं झाकायचं होतं. सुनेनं फोनवर तयार झालरी काढून दाखवल्या. एक मापात बसेना, आणि जी बसत होती तिचं कापड बाहुलीच्या झग्यासारखं चकाकत होतं. मी म्हटलं, ‘राहू दे, घरीच होईल. मला दोन जुन्या चादरी तेवढ्या काढून दे.’ एक चादर गादीखाली अंथरायला ठेवली आणि दुसरीच्या उभ्या पट्ट्या फाडून जोडून घेतल्या. पलंगाच्या तीनच बाजू घ्यायच्या, भिंतीकडची सोडून द्यायची. पट्टी त्या मापाच्या जवळजवळ दुप्पट ठेवायची, आणि जमिनीपासून बोटभर वर, म्हणजे लादी पुसताना भिजत नाही. हे सगळं मला आपोआप सुचत गेलं, पण ते माझं नव्हे. ते तुझं आहे. म्हणून आज बसले आहे लिहायला.

तुला आपला कसब्यातला पलंग आठवत असेल. दोन खोल्यांत तो एकच होता. त्याच्याखाली दोन ट्रंका, पाटा-वरवंट्याची जोडी, बाबांच्या ऑफिसच्या जुन्या डायऱ्या, आणि कापडात बांधलेली तुझी शिवणाची गाठोडी. गल्लीतली झबली, परकर-पोलकी, ब्लाउज सगळी तुझ्याकडे यायची. माहेराहून आणलेलं हातमशीन तू खिडकीपाशी जमिनीवर मांडायचीस. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्यानं कापड सरकवायचं. चाकाच्या आवाजावरून मला जिन्यातच कळायचं की तू ब्लाउज शिवते आहेस की लांब टीप मारते आहेस. त्याच खिडकीतून सकाळी समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाई शाळेला निघालेल्या दिसायच्या. काखेत पर्स, एका हातात डबा, आणि रोजचं ‘उशीर झाला, उशीर झाला.’ तू चाक थांबवून त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघायचीस. एकदा मला म्हणालीस, ‘मला ना, आयुष्यात एकदा तरी असं उशीर झाला म्हणत घराबाहेर पडायचंय. घरी बसून शिवणाऱ्या बाईला उशीर कधी होतच नाही बघ.’ मी हसले होते. तूही हसलीस, पण जरा वेळानं.

मी तेरा वर्षांची. बाबांच्या हट्टापायी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये जाणारी, घरात चमच्यानं वरणभात खाणारी. शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. बाकीच्या मुली ट्रेवरचे रुमाल आणि उशांचे अभ्रे करणार होत्या. मी एका मैत्रिणीच्या बंगल्यात पलंगाला झालर लावलेली पाहिली होती, आणि शिवण शिकवणाऱ्या सिस्टरनी विचारल्यावर हात वर करून सांगून मोकळी झाले की मी पलंगाची झालर करणार. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस.

‘पलंगाला परकर?’ तू म्हणालीस. ‘तो कशाला? त्याला काय मंडईत जायचंय?’

‘आई, सगळे लावतात.’

‘सगळे म्हणजे कोण? आपल्या गल्लीतला एक तरी पलंग दाखव मला नेसलेला.’

मी रडायला लागले तशी तू ताट बाजूला सारलंस. मांजरपाट आणून दिलंस आणि म्हणालीस, तुझं तू कर, मी बघते. मी तीन आठवडे काहीही केलं नाही. मग दोन दिवसांत केलं ते असं, की एका जागी चुण्यांचा गठ्ठा आणि पुढे वीतभर कापड सपाट. दोरा ओढताना दोनदा तुटला. सोमवारी झालर द्यायची आणि रविवारी सकाळी मी ती कोपऱ्यात फेकून अंगाची जुडी करून पडले होते. जेवणं झाल्यावर ट्रंक उघडून आजीचं नऊवारी लुगडं काढलंस. फिकट जांभळं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, बारीक हिरव्या काठाचं. तुझ्या आईची तेवढी एकच वस्तू तुझ्याकडे होती हे मला ठाऊक होतं. तू ते मधोमध उभं फाडलंस. त्याचा तो लांबलचक आवाज अजून माझ्या कानात आहे. ‘नऊ वार सलग कापड आहे,’ तू म्हणालीस, ‘कुठे जोड द्यायला नको, आणि खाली काठ आहे म्हणजे दुमडायलाही नको.’ संध्याकाळी बाबा फिरून यायच्या आत झालर पलंगावर होती. मी तिच्या खालून हात फिरवला. सगळ्या चुण्या एकसारख्या, पेटीच्या पट्ट्यांसारख्या.

नेमकं तेच नडलं. सिस्टर केरळच्या होत्या, लुगडं त्यांना ओळखता आलं नाही, पण शिवण त्यांना चांगलंच कळत होतं. त्यांनी खालची कड उलटसुलट केली. कड हातानं दुमडून शिवायची, हा प्रदर्शनाचा नियमच होता. ‘हेम कुठे आहे?’ मी म्हटलं, कापडालाच काठ आहे. मग त्यांनी चुण्यांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि उद्या आईला घेऊन ये म्हणाल्या.

तू आलीस. चॉकलेटी रंगाची ठेवणीतली साडी नेसून, माझ्याबरोबर बसनं. पार्लरमध्ये, म्हणजे भेटायला आलेल्यांना बसवायच्या खोलीत, पॉलिश केलेल्या लाकडाचा वास होता, आणि तू खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होतीस. सिस्टरनी झालर टेबलावर ठेवली आणि त्यांच्या हिंदीत विचारलं, ‘आप सिलाई जानता है?’

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी बुटांकडे पाहत होते.

‘नाही हो सिस्टर,’ तू म्हणालीस. ‘मेरे को तो सुई पकडने को भी नहीं आता. ये सब इसकाच काम है.’

असं म्हणताना तुझे दोन्ही हात पदराखाली होते. डाव्या हाताचं पहिलं बोट सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं, चाळणीसारखं, ते तू मुठीत धरलं होतंस. सिस्टर थोडा वेळ पदराकडे बघत राहिल्या. मग ‘ठीक है’ म्हणाल्या. परत येताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणालीस, ‘खोटं बोलायचं तेही हिंदीत. देवाला तरी कळलं असेल की नाही कोण जाणे.’

मला पहिलं बक्षीस मिळालं. झालर घरी आली, आपल्या पलंगावर चढली, आणि तिच्यामागे ट्रंका दिसेनाशा झाल्या. येणारा जाणारा विचारायचा, कोणी शिवली? तू चेहरा न हलवता सांगायचीस, ‘हिनं. शाळेत पहिलं बक्षीस आहे तिला.’ बाबांनासुद्धा तू तेच सांगितलंस. बाबा चारचौघांत ते सांगताना किती फुलून यायचे, आणि तू तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी आणायला उठून जायचीस.

पुढच्या जूनमधली गोष्ट. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या. त्यांच्या भाचीला माझ्याच शाळेत नोकरी लागली होती. मुलींचे गणवेश शिवायचे, चॅपलचे पडदे करायचे, आणि शिवणाच्या तासाला सिस्टरांच्या हाताखाली वर्गात उभं राहायचं.

‘अहो, पण तुम्ही का नाही गेलात?’ काकू म्हणाल्या. ‘तुमच्यापुढे आमची काय शिवणार? तिला अजून बाही धड बसवता येत नाही.’

‘मला कुठे सुई धरता येते?’ तू म्हणालीस.

काकू पोट धरून हसल्या. त्यांना ती तुझी नेहमीची थट्टा वाटली. त्या गेल्यावर तू मला विचारलंस, ‘अगं, तुमच्या वर्गात काही सांगितलं नव्हतं का?’ मी म्हटलं, सांगितलं होतं, कोणाच्या आईला शिवण येतं का असं विचारलं होतं, पण तू तर सिस्टरना आधीच... ‘हो, खरंच की,’ तू म्हणालीस. ‘माझ्याच तोंडानं सांगून आले. आता कुणाला बोल लावू?’ आणि बोलता बोलता सुईत दोरा ओवलास, पहिल्याच झटक्यात. त्यानंतर मास्तरीणबाई निघायच्या वेळेला तू खिडकीपाशी बसेनाशी झालीस. मशीन आतल्या खोलीत गेलं. तिथे उजेड कमी होता. मी तुला कारण विचारलं नाही.

माझं लग्न ठरताना सासरच्या मंडळींनी ती झालर पाहिली आणि बाबांनी बक्षिसाचं सांगितलं. सासूबाईंनी लग्नात मला चक्क पायमशीन दिलं. मला साधी बटणं लावता येत नव्हती! मग दर गुरुवारी दुपारी माहेरी येऊन मी तुझ्याकडून चोरून शिवण शिकले. शाळेत मला बक्षीस मिळवून देणारं तेच शिवण. तूच म्हणायचीस, ‘या, बक्षीसवाल्या बाई, बसा.’ धावदोऱ्याच्या दोन ओळी घालायच्या, सैल आणि समांतर. पट्टीचे चार भाग करून खडूनं खुणा करायच्या, चादरीच्या कडेवरही चार खुणा, आणि खुणेवर खूण टाचायची, म्हणजे चुण्या एकाच जागी गोळा होत नाहीत. दोन्ही दोरे एकदम ओढायचे. घाई केलीस तर तुटेल, तू म्हणायचीस, आणि माझ्या हातावर हात ठेवून ओढून दाखवायचीस. तुझं ते खरखरीत बोट माझ्या मनगटाला लागायचं. इतके गुरुवार मी तुझ्या शेजारी बसले. आपण दोघीच असायचो. सांगायला त्याहून सोयीची जागा मला पुन्हा मिळाली नाही.

माझ्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली ठरावीक दिवशी चॅपलमध्ये कन्फेशनला जायच्या, जाळीपलीकडे बसलेल्या फादरना आपल्या चुका सांगायला. आम्ही बाकीच्या बाहेर पायरीवर बसून त्यांची वाट बघायचो. बाहेर येताना त्यांच्या चालीत एक हलकेपणा असायचा. मला त्यांचा हेवा वाटायचा. मला त्या जाळीपलीकडे काय सांगायचं होतं ते आता तुला सांगते.

वर्गात सिस्टरनी सगळ्यांना विचारलं, ते खरं. पण तास संपल्यावर त्यांनी मला एकटीला व्हरांड्यात थांबवलं. म्हणाल्या, ‘तुझ्या आईला पुन्हा एकदा विचार. तिला शिवण येत असेल तर मला ती हवी आहे. मागचं मी काही काढणार नाही, बक्षीस तुझंच राहील. सोमवारी सांग.’ त्यांना सगळं कळलं होतं, आई. तुझे हात पदराखाली होते तरी कळलं होतं. त्या दिवशी घरी आले तेव्हा तू थालीपीठ थापत होतीस. शाळेत काय झालं म्हणून विचारलंस, आणि मी म्हटलं, काही नाही. सोमवारी सिस्टरना सांगितलं, ‘नो सिस्टर, शी डझन्ट.’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

बक्षीस जाईल याची भीती नव्हती, ते जाणार नाही असं त्यांनी सांगितलंच होतं. मला दुसरंच दिसत होतं. तू माझ्या मैत्रिणींसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली आहेस, तोंडात टाचण्या धरून त्यांच्या झग्यांची उंची मापते आहेस, आणि त्यातली एखादी मान न वळवता तुला म्हणते आहे, ‘बाई, आणखी एक इंच.’ ते मला नको होतं. तू शेवटपर्यंत समजत राहिलीस की तुझ्याच तोंडानं तुझी नोकरी गेली. रुग्णालयात शेवटच्या आठवड्यात नर्सला काय म्हणालीस आठवतं? ‘मला एकदा शाळेत नोकरी लागणार होती, पण मीच खोटं बोलले.’ मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुझं पांघरूण सारखं करत होते.

हे लिहून झालं की घडी करून ठेवीन. पाठवायचं तर कुठे? काल झालर चढवून झाली तेव्हा सून कौतुकानं चुण्यांवरून हात फिरवत म्हणाली, ‘आई, इतकं सुरेख कोणी शिकवलं तुम्हाला?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कॉन्व्हेंटमध्ये. सिस्टरांनी.’ ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, हाक मारली तर लगेच येईल. मघापासून दोनदा पेन खाली ठेवलं. हाक अजून मारलेली नाही.